झाडाच्या बुडाशी ओत

मी झाडांशी बोलत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकतीस वर्षं बंगळूरच्या ऑफिसांतली आणि घरांतली झाडं सांभाळली, पण एकाही झाडाची मी कधी तोंडाने चौकशी केली नाही. या अंकाच्या संपादकीणबाईंनी लेख मागताना मोठ्या हौसेने सांगितलं होतं, "तुम्ही त्यांच्याशी काय काय बोलता ते लिहा ना." त्यांची निराशा होणार असेल तर माझा नाइलाज आहे. झाडाला उजेड लागतो, मुळांना हवा लागते आणि पाणी घालणाऱ्या माणसाला थोडी अक्कल लागते. पहिल्या दोन गोष्टी मी कुठूनही मिळवून देत असे. तिसरीच्या पायी आयुष्य गेलं.

आमचं घराणं बंगळुरात तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना आमची बोली ऐकून हसू येतं. येऊ दे. आम्ही ती इतकी वर्षं टिकवली, त्यांच्या नातवंडांकडे किती उरते ते तेव्हा बघू. येलहंक्याच्या पुढे शिवण्णांची नर्सरी आहे, तिथे मी नोकरीला लागले तेव्हा घरचे म्हणाले, बी.कॉम. होऊन कुंड्या उचलणार का? उचलल्या. कंबर अजून शाबूत आहे. हिशेबाची नोकरी धरून बसलेल्या माझ्या दोन्ही बहिणींच्या कमरा गेल्या.

आमचा धंदा बाहेरच्यांना ठाऊक नसतो म्हणून सांगते. मारतहळ्ळीच्या आसपास रिंग रोडला ज्या काचेच्या इमारती आहेत, त्यांतली हिरवीगार झाडं बहुतेक करून भाड्याची असतात. आत एसीची कोरडी हवा, ट्यूबचा उजेड, शनिवार-रविवार सगळं बंद. दमट जंगलातलं झाड तिथे तीन-चार आठवडे तग धरतं, मग मलूल होतं. आम्ही शनिवारी टेम्पो घेऊन जायचो, थकलेलं झाड उचलायचं आणि त्याच जागी त्याच जातीचं, त्याच उंचीचं ताजं झाड ठेवून यायचं. थकलेलं नर्सरीत हिरव्या जाळीखाली महिना-दोन महिने विश्रांती घ्यायचं. सोमवारी लोक म्हणायचे, आमची झाडं बघा कशी कायम टवटवीत. एका ऑफिसात एका मुलीने आपल्या टेबलाजवळच्या पामला नाव दिलं होतं आणि ती त्याचा वाढदिवस करायची. एका वर्षात ते झाड मी नऊ वेळा बदललं होतं. केक मात्र मला दर वर्षी मिळायचा आणि मी तो खायचे. आता वाटतं, तिला एकदा खरं सांगायला हवं होतं. झाड मरतं हे आम्ही लोकांना कळूच दिलं नाही, म्हणून ते जगवायला ते कधी शिकले नाहीत.

घरगुती गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. येलहंक्याला एक निवृत्त अधिकारी होते, त्यांच्या दिवाणखान्यात मोठ्या भोकाभोकांच्या पानांचा मॉन्स्टेरा होता. सकाळी सहाला अर्धा लिटर पाणी, मोजून, पाऊस असो की ऊन. झाड कुजायला लागलं तेव्हा त्यांनी मला वहीच दाखवली, एकही दिवस चुकला नव्हता. मी म्हटलं, "साहेब, बोट मातीत घाला. दोन पेरं आत. ओलं लागलं तर पाणी नाही." ते म्हणाले, "आणि वेळापत्रक?" मी म्हटलं, "वेळापत्रक तुमच्यासाठी ठेवा." त्यांना राग आला, पण बोट घातलं. झाडं बिघडवणाऱ्या माणसांची नखं फार स्वच्छ असतात, हे मी तेव्हापासून बघत आले.

आता त्या फिडलकडे येते, कारण लिहायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

फिडल म्हणजे फिडल लीफ फिग. वड-पिंपळाच्या कुळातलं झाड, मूळचं आफ्रिकेतलं. पान हातभर लांब, मध्ये कंबर बारीक आणि वर रुंद. खोडाला चीर दिली तर वडासारखा पांढरा चीक येतो. स्वभाव असा की जागा बदललेली खपत नाही. चार फुटांवर सरकवलंत तरी आठवड्याभरात दहा पानं टाकून निषेध नोंदवतं. मला हे झाड त्यासाठीच आवडतं.

रिंग रोडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या रिसेप्शनमध्ये असं एक फिडल होतं, दहा फूट उंच. ते भाड्याचं नव्हतं. कंपनी सुरू झाली तेव्हा मालकांनी स्वतः विकत आणून ठेवलं होतं, कमरेएवढं असताना. पुढे ते इतकं वाढलं की कुंडी चार माणसांनाही उचलून नेता येईना. म्हणजे शनिवारी गुपचूप बदलायची सोय नव्हती. ते जगायला हवं होतं, आणि तिथेच जगायला हवं होतं. आठवड्यातून एकदा मी जायचे, पानं ओल्या फडक्याने पुसायचे, दोघांना हाताशी घेऊन कुंडी थोडी वळवून द्यायचे.

ते पिवळं पडायला लागलं त्या सुमारास कंपनीत निखिल साने नावाचे नवे मॅनेजर आले होते. इमारत, लिफ्ट, कँटीन, झाडं, सगळं त्यांच्या अखत्यारीत. पुण्याचे, तिशी ओलांडलेले, कामाला चोख. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी ना, एकदम क्यूट आहे." मी म्हटलं, "तुमचंही छान आहे, मधूनमधून ऐकू येतं." ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे पुढच्या सगळ्या प्रकारासाठी लक्षात ठेवा.

"मॅडम, हे बघा," ते झाडापाशी उभे राहून म्हणाले, "कंप्लीट येलो होतंय. तीन महिन्यांनी फाउंडर येतायत, त्यांची पर्सनल अटॅचमेंट आहे या प्लांटशी. फोटो इथेच होणार. इट हॅज टु बी ग्रीन. नाहीतर मग मला आर्टिफिशियल लावावं लागेल, एक पार्टी येऊन कोटेशन देऊन गेलीय."

"प्लास्टिकचं?"

"सिल्क. ऑलमोस्ट रिअल वाटतं."

"धूळ तीही धरते," मी म्हटलं. "तीन महिने माझ्याकडे द्या."

झाडाचं दुखणं पानांवर वाचता येतं. पाणी कमी पडलं तर खालची पानं आधी वाळतात. जास्त झालं तर तपकिरी डाग पडतात. इथे नवी, कोवळी पानंच पिवळी होती आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. याचा अर्थ झाडाला लोह मिळत नाही. आता लोह मातीत असतंच, पण मातीत चुनखडी वाढली की मुळांना ते उचलता येत नाही. माझा संशय सरळ पाण्यावर गेला. त्या भागात टँकरचं बोअरचं पाणी, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. त्यात पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जे जास्तच खारं पाणी बाहेर पडतं, ते पाणी वाचवायचं म्हणून झाडांना घालत होते.

घालत होती गौरम्मा. गौरम्मा तिथे साफसफाईला होती. देवनहळ्ळीजवळच्या एका खेड्यातली, जिथे तिच्या घरच्यांच्या शेतावर आता कुणाकुणाचे प्लॉट पडले आहेत. रोज दोन बस बदलून यायची. आम्ही दोघी जिन्याखाली बसून डबा खायचो. ती कन्नडच बोलायची, मीही तिच्याशी कन्नड. इथे ते मराठीत लिहिते आहे.

त्या दिवशी मी तिला फाडफाड बोलले. "गौरम्मा, मशीनचं पाणी झाडाला? इतकी वर्षं माझ्यासोबत जेवतेस, काहीच कसं शिकली नाहीस?"

"येनू माडोदू, अक्का," ती म्हणाली, काय करणार. "जे पाणी घाल म्हणतात तेच घालते."

मी ते बंद करून घेतलं. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते स्वच्छ असतं, त्यात क्षार नसतात. त्याखाली बादल्या लावल्या. लोहाचं औषध दिलं. महिना गेला. फिडल आणखी पिवळं झालं.

आणि एक गोष्ट मला खात होती. त्याच मजल्यावर कँटीनपाशी दुसरं, लहान फिडल होतं. पाणी तेच, घालणारा हात तोच. ते गर्द हिरवं होतं. मी ते दर खेपेला बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते, कारण पाण्याचं निदान मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगून बसले होते. अनुभवी माणसाची ही खोड वाईट. मला ती होती, अजूनही आहे.

शेवटी एका मंगळवारी दुपारी जमिनीवर फतकल मारून बसले आणि कुंडीवरचे पांढरे गोटे उचलायला सुरुवात केली. इंटिरियरवाल्यांनी ते मातीवर पसरले होते, माती दिसली तर ऑफिस घाण दिसतं म्हणून. गोट्यांखाली पांढरा थर होता, बोटभर जाड. कँटीनमधून अर्धं लिंबू आणून त्यावर पिळलं. फसफसलं. चुनाच. पण पाण्यातून इतका जाड थर येत नाही. थर खुरपीने उकरला तर खाली माती पिवळट-नारिंगी, आणि तिला वास हळदीचा.

मी तशीच बसले असताना गौरम्मा आली. हातात पितळेचं ताट, ताटात लाल पाणी. समोरच्या दालनात परदेशी पाहुण्यांना नुकतंच ओवाळून झालं होतं. ती नेहमीच्या सवयीने थेट कुंडीपाशी आली आणि तिने ताट तिरपं केलं. मी तिचं मनगट धरलं.

ते पाणी म्हणजे ओकुळी. हळद आणि चुना पाण्यात कालवला की रंग लाल होतो. इकडे लग्नकार्यात, बाळंतीण घरी येते तेव्हा, कुणी मोठं माणूस दारी येतं तेव्हा त्याने ओवाळतात, दृष्ट लागू नये म्हणून. ओवाळल्यावर ते पाणी मोरीत टाकत नाहीत. त्यात दुसऱ्याची दृष्ट असते, त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. म्हणून ते झाडाच्या मुळाशी ओततात. आमच्या घरी परसात नारळ होता, माझ्या लहानपणी ते काम माझ्याकडे असे.

"हे इथे ओततेस?"

"हो, अक्का."

"कधीपासून?"

"ओवाळायला लागले तेव्हापासून. चार वर्षं झाली असतील."

"आणि हे कुणी सांगितलं तुला?"

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "तुम्हीच सांगितलंत ना," ती म्हणाली.

आणि मला आठवलं. जिन्याखालचं आमचं जेवण, तिचा प्रश्न. रिसेप्शनवाल्यांनी पाहुण्यांसाठी ओवाळायचा कार्यक्रम नुकताच सुरू केला होता आणि ते काम तिला दिलं होतं. ती म्हणाली होती, अक्का, या इमारतीत पाय पडणार नाही अशी जागाच नाही, पाणी कुठे टाकू? मी घास चावत, मान वर न करता म्हटलं होतं, झाडाच्या बुडाशी ओत. परसातल्या नारळाला जे चालतं, ते तळाशी ताट लावलेल्या कुंडीला चालत नाही, तिथे चुना साठत जातो, एवढा विचार करायला मला एकच क्षण लागला असता. तो मी दिला नाही. माझं मन तेव्हा माझ्या परसात होतं. त्यानंतर दर पाहुण्याला, दर सोमवारी नव्याने रुजू होणाऱ्यांना, आयुधपूजेला, प्रत्येक वेळी चमचाभर चुना. हे झाड मीच मारत आणलं होतं.

एवढ्यात साने आले. जमिनीवर गोटे, माती, मध्ये मी, शेजारी ताट घेऊन गौरम्मा. थर कशाचा ते मी सांगितलं, पुढचं समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"म्हणजे हाउसकीपिंग इतके दिवस यात केमिकल ओतत होतं?" त्यांचा आवाज चढला. "मला रिपोर्ट करावा लागेल. नाव द्यावं लागेल. हा फाउंडरचा प्लांट आहे."

गौरम्माला मराठी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललं आहे हे कळायला भाषा लागत नाही. तिचं काम कंत्राटावर होतं. अशा रिपोर्टात नाव गेलेली बाई दुसऱ्या दिवशी गेटच्या आत येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी बाजूला जाऊन शिवण्णांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "इंदू, टँकरचं पाणी वाईट होतं म्हण आणि संपव. नाहीतर त्या बाईने केलं म्हण. तेही खोटं नाही." खोटं नव्हतंच. तिथेच तर सगळी अडचण होती.

मी परत येऊन सान्यांना म्हटलं, "नाव लिहून घ्या. इंदुमती मोहिते, नर्सरी."

"मॅडम, तुम्ही कुठे ओतत होतात?"

"मी ओत म्हटलं म्हणून तिने ओतलं."

"तुम्ही व्हेंडर आहात. हे रेकॉर्डवर गेलं तर तुम्हाला ब्लॅकलिस्ट करतील. कॉन्ट्रॅक्ट जाईल."

"जाऊ दे. आणि लिहिताच आहात तर सगळं लिहा. ओवाळायचा कार्यक्रम तुमच्या कंपनीचा आहे. ओवाळून झाल्यावर ते पाणी कुठे जातं, हे चार वर्षांत या काचेच्या इमारतीत एकाही माणसाने विचारलं नाही. विचारलं ते या एका बाईने. आणि ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं, झाडाच्या माणसाला. चुकीचं उत्तर मी दिलं. तिचं नाव त्या कागदावर आलं तर मी तुमच्या फाउंडरसमोर उभी राहून हेच सांगेन, माझ्या क्यूट मराठीत. त्यांना कळलं नाही तर कन्नडमध्ये."

रिसेप्शनमध्ये बरेच लोक थांबून ऐकत होते. सान्यांनी कुंडीकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि प्लांट?"

"आज उपसते. माती काढून टाकायची, मुळं धुवायची, नवी माती भरायची. इतकी पानं पोसायला मुळांत जोर उरणार नाही, म्हणून वरून अर्ध्याहून जास्त कापावं लागेल."

"अर्ध्याहून जास्त? फाउंडर काय बघतील, ठोंब?"

"त्यांनी ते कमरेएवढं बघितलेलं आहे. पुन्हा कमरेएवढं बघतील."

भर दुपारी, जेवायला निघालेल्या लोकांच्या देखत मी ते काम केलं. लपवून करायचं काही उरलंच नव्हतं. ताडपत्री पसरली. चार सिक्युरिटीवाल्यांनी कुंडी आडवी केली. मी करवत लावली तेव्हा चीक नुसता ओघळला. कुणीतरी अरेरे म्हटलं. मलाही वाटलं, पण हात थांबवून चालणार नव्हतं. गौरम्मा मुळांतली माती बोटांनी सोडवत एसीचं पाणी ओतत होती आणि मध्येच डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या गालाला हळद लागली. झाड पुन्हा उभं करताना एका बाजूला कलंडायला लागलं, तेव्हा सान्यांनी गळ्यातलं कार्ड खिशात टाकलं आणि पुढे होऊन खोड दोन्ही हातांनी धरलं. नवी माती भरून होईपर्यंत, अर्धा तास, ते तसेच उभे होते. शर्टावर चीक पडला होता. तो डाग जात नाही.

रिपोर्ट त्यांनी लिहिलाच. त्यात एकच नाव होतं, माझं. खोटं त्यांनी काहीही लिहिलं नाही.

महिनाअखेरीस नर्सरीचं त्या कंपनीतलं काम बंद झालं. शिवण्णा माझ्याशी पुढचे कितीतरी महिने कामापुरतंच बोलले. त्यांचं नुकसान मी केलं, आणि त्यांना न विचारता केलं. याचं मला वाईट वाटतं. तरी पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा न विचारताच करीन, हेही सांगून टाकते. काम बंद होण्याआधी मला आत जायला शेवटचे आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मला जे येतं ते सगळं गौरम्माला शिकवलं. बोट किती आत घालायचं, कुंडी कधी वळवायची, कोवळ्या पानाला हात का लावायचा नाही. ओकुळीसाठी पार्किंगच्या कडेचं एक मोठं, जमिनीतलं झाड ठरवून दिलं. मालक आले तेव्हा ठोंबाला नुकतेच दोन कोंब फुटले होते असं कळलं. बघून ते काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

लोक मला म्हणतात, एका कुंडीतल्या झाडासाठी एवढं? मी म्हणते, नाही, एवढं झाडासाठी नव्हतं. पण झाडासाठी असतं तरी माझी हरकत नव्हती.

आता मी निवृत्त आहे. मागच्या महिन्यात भाचीकडे मारतहळ्ळीला गेले होते. येताना त्या इमारतीपाशी रिक्षा थांबवली. म्हटलं बघून यावं. गेटवरच्या नव्या माणसाने नाव विचारलं, मशीनमध्ये घातलं आणि चेहरा पाडला.

"अम्मा, हे नाव ब्लॉक आहे."

"कारण काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं. झाडाचं नुकसान.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तो बिचारा ओशाळला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "स्वल्प थांबा, अम्मा. दुसरं काहीतरी नाव सांगा, मी पास करून देतो. कुणाला कळणार नाही."

"नको," मी म्हटलं. "आहे तेच असू दे."

गौरम्माला निरोप पाठवला तशी ती डबा घेऊन बाहेर आली. फुटपाथच्या कठड्यावर बसून आम्ही जेवलो. साने दुसऱ्या कंपनीत गेले म्हणाली. फिडल आता छताला लागलंय, त्याच्यासाठी वरची एक फरशी काढून घेतली आहे. सिल्कवाला परत येऊन गेला, तेव्हा नव्या मॅनेजरबाईंना तिनेच सांगितलं, आधी बोट घालून बघा, मग बोला. नखाखाली काळी माती असलेलं आपलं बोट तिने मला दाखवलं. मग घड्याळ बघून ती लगबगीने उठली. गेटवर कार्ड दाखवून आत गेली. तिची झाडं बघायची वेळ झाली होती.